अर्ध्या वाक्यातली माणसे

आपल्या उपनगरांतील एखाद्या कॅथलिक महाविद्यालयात पाऊल टाकावे, तर प्रवेशद्वारापाशी पवित्र मरियेचा पुतळा दिसतो, त्याच्या पायाशी ताजी फुले दिसतात आणि जवळच्या भिंतीवर पुष्कळदा एक फलक दिसतो. संस्थेची मूल्ये त्यावर लिहिलेली असतात: सेवा, सचोटी, उत्कृष्टता, परस्पर आदर, करुणा. शब्दांचा क्रम बदलतो, शब्द सहसा तेच राहतात. त्या फलकासमोरून रोज शेकडो विद्यार्थी जातात. त्यांच्याबरोबर प्राध्यापक जातात, ग्रंथपाल जातात, कार्यालयातले लेखनिक आणि प्रयोगशाळेतले परिचर जातात, शिपाई जातो, सफाईचे काम करणारी बाई जाते. थांबून फलक वाचणारा विरळा. पण त्यावरची धूळ मात्र कोणीतरी नेमाने पुसत असते. ज्या हातांनी ती पुसली जाते, त्या हातांना त्या शब्दांत जागा किती, हा प्रश्न मनात घेऊन आम्ही या लेखात एका धर्मलेखाचे वाचन करणार आहोत.

तो धर्मलेख म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, प्रसिद्ध केलेले ‘एक्स कोर्दे एक्लेझिए’. ‘ख्रिस्तसभेच्या हृदयातून’ असा त्या लॅटिन शब्दांचा अर्थ. कॅथलिक विद्यापीठ म्हणजे काय, त्याने कोणासाठी आणि कशासाठी असावे, याचे विवेचन करणारा हा आपल्या काळातील सर्वांत महत्त्वाचा लेख होय. पहिल्या भागात विद्यापीठाची ओळख आणि त्याचे सेवाकार्य यांचा विचार आहे, दुसऱ्या भागात नियम आहेत. ‘हे विद्यापीठांसाठी, आम्हांला त्याचे काय?’ असे महाविद्यालयांनी म्हणू नये. कारण उच्च शिक्षण देणाऱ्या इतर कॅथलिक संस्थांनाही हे नियम लागू आहेत, असे नियमांच्या आरंभीच सांगितले आहे. तेव्हा १८६९ साली जेज्वीटांनी मुंबईत स्थापन केलेले सेंट झेवियर्स असो, १९८३ साली वांद्र्यात सुरू झालेले सेंट अँड्र्यूज असो, की बोरिवलीच्या माउंट पॉयसरवर १९९९ पासून अभियांत्रिकी शिकवणारी फ्रान्सिस्कन बंधूंची संस्था असो, या लेखाशी सर्वांचा संबंध पोहोचतो. बोरिवलीचा तर थोडा अधिकच. सोळाव्या शतकात मंडपेश्वरच्या डोंगरावर फ्रान्सिस्कनांनी मठ आणि विद्यालय उभारले होते. त्याचे अवशेष आजही तेथे आहेत.

प्रथम या लेखाचे मोठेपण मान्य केले पाहिजे. तो लिहिणारा माणूस पोप होण्यापूर्वी १९५४ पासून लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवत होता. त्यामुळे या लेखात अध्यापनाविषयी परक्याचा कोरडेपणा नाही. सत्याचा शोध घेण्याचे स्वातंत्र्य आणि सत्य आपल्याला आधीच भेटले आहे ही श्रद्धा, या दोहोंत वैर नाही, हा त्याचा गाभा आहे. आमच्या मते त्यातील सर्वांत सुंदर परिच्छेद एकविसावा. विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हे, ख्रिस्ताच्या आत्म्याने भारलेला मानवी समुदाय होय. स्वातंत्र्य, प्रीती, परस्पर आदर, मोकळा संवाद आणि प्रत्येकाच्या हक्कांचे रक्षण ही त्याची लक्षणे होत, असे तेथे प्रतिपादन केले आहे. फलकावरचे शब्द पुष्कळ अंशी या परिच्छेदातून झिरपत आलेले आहेत. मात्र वाटेत एक शब्द गळून पडलेला दिसतो. ‘आदर’ आला, ‘करुणा’ आली; ‘हक्कांचे रक्षण’ हे शब्द फलकावर लिहिलेले आम्ही तरी कोठे पाहिले नाहीत.

आता उणीव. समुदायाचे वर्णन करताना बाविसावा परिच्छेद अध्यापकांविषयी बोलतो, तेविसावा विद्यार्थ्यांविषयी. चोविसावा परिच्छेद आकाराने अगदी लहान, एका वाक्याचा आहे. त्या वाक्याचा पूर्वार्ध संचालक व प्रशासक यांच्यासाठी: त्यांचे नेतृत्व सेवेचे असावे. उत्तरार्ध शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी: त्यांची निष्ठा आणि त्यांची साक्ष संस्थेच्या जीवनाला अत्यावश्यक आहे. लेखनिक, परिचर, शिपाई, माळी, रखवालदार, या सर्वांना मिळून जगातील कॅथलिक विद्यापीठांच्या या सनदेत अर्धे वाक्य आले आहे. आणि त्या अर्ध्या वाक्यातही त्यांच्याकडून काय हवे ते सांगितले आहे; त्यांना काय द्यावे ते सांगितलेले नाही. पुढे नियमांच्या भागात, नेमणुकीच्या वेळी सर्व अध्यापकांना व प्रशासकांना संस्थेच्या कॅथलिक स्वरूपाची कल्पना द्यावी असे म्हटले आहे. ते योग्यच. पण नेमणूकपत्र हाती घेणाऱ्या माणसाला आणखी काही जाणून घ्यायचे असते: वेतन किती, रजा किती, तक्रार कोणाकडे करायची, आणि म्हातारपणी काय.

याला उत्तर असे दिले जाईल की, प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट कशी येणार? हे खरे आहे, आणि ख्रिस्तसभेने ही गोष्ट अन्यत्र स्पष्टपणे सांगितलेली आहे. याच पोपमहोदयांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे श्रमावरील विश्वपत्र लिहिले. तरुणपणी, नाझी राजवटीत, ते दगडाच्या खाणीत आणि नंतर रसायनांच्या कारखान्यात मजुरी करत होते. त्या विश्वपत्रात न्याय्य वेतन ही साऱ्या आर्थिक व्यवस्थेच्या न्याय्यतेची प्रत्यक्ष कसोटी मानली आहे आणि कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य केला आहे. त्याच्या दहा वर्षे आधी, १९७१ साली, जगभरच्या बिशपांच्या सिनडने एक पाऊल पुढे टाकले होते. जगाला न्याय शिकवणाऱ्याने प्रथम स्वतः न्यायी असले पाहिजे; ख्रिस्तसभेसाठी श्रम करणाऱ्यांना पुरेशी उपजीविका व सामाजिक सुरक्षा, आणि प्रापंचिकांना योग्य वेतन व बढतीची व्यवस्था मिळाली पाहिजे, असा त्या सिनडच्या निवेदनाचा आशय आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२८६ वे कलम तर संस्थांची मालमत्ता सांभाळणाऱ्यांना थेट बजावते: देशाचे कामगारविषयक कायदे ख्रिस्तसभेच्या तत्त्वांनुसार नीट पाळा आणि न्याय्य वेतन द्या.

म्हणजे दोन लेख एकाच हाताने लिहिलेले आहेत. एक लिहिताना त्या हाताला खडूची आठवण होती, दुसरा लिहिताना कुदळीची. आपल्या संस्थांनी खडूचा लेख फलकावर आणला आणि कुदळीचा कपाटात ठेवला. आमची मुख्य तक्रार ‘एक्स कोर्दे एक्लेझिए’विषयी नसून त्याला एकटे वाचण्याच्या आपल्या सवयीविषयी आहे.

या सवयीचा परिणाम कोणत्या शब्दावर सर्वाधिक झाला असेल, तर तो ‘सेवा’ या शब्दावर. मराठीत हा शब्द मोठा गुंतागुंतीचा आहे. देवाची सेवा, रुग्णाची सेवा, आणि सरकारी दप्तरातली ‘सेवा’, म्हणजे नोकरी. ‘सेवाशर्ती’, ‘सेवानिवृत्ती’, ‘सेवापुस्तक’. संस्थाचालक जेव्हा कर्मचाऱ्याला ‘ही नोकरी नाही, सेवा आहे’ असे सांगतात, तेव्हा पहिल्या अर्थाचा धूप दुसऱ्या अर्थाच्या टेबलावर जाळला जातो आणि त्या धुरात पगारपत्रक दिसेनासे होते. हे केवळ आमच्या मनाचे खेळ नव्हेत. गोव्यात धर्मभगिनींच्या एका शाळेतून १९७५ साली कमी केलेल्या एका शिक्षिकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८८ साली निकाल लागला की, औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येनुसार शिक्षक ‘कामगार’ ठरत नाही. त्या निकालात अध्यापनाचे वर्णन ध्येयकार्य, उदात्त वृत्ती असे केले आहे. गौरव झाला, पण त्या कायद्याचे दार मात्र त्या गौरवानेच बंद झाले. शिक्षकांच्या संरक्षणासाठी कायदेमंडळाने पावले उचलावीत, ही अपेक्षा न्यायालयाला व्यक्त करावी लागली. ग्रॅच्युइटीची कथा याच वळणाची आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत असे ठरवले; संसदेने २००९ साली दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून त्यांना तो हक्क दिला; खाजगी शाळांनी त्या दुरुस्तीलाही आव्हान दिले आणि २०२२ साली ते फेटाळले गेले. शिक्षकाला त्याच्या म्हातारपणाची पुंजी देण्याचा प्रश्न मिटायला किती वर्षे लागली, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

येथे आपल्या एका पवित्र हक्काविषयीही प्रांजळपणे बोलले पाहिजे. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो हक्क भक्कम केला. त्या निकालाशिवाय आपल्या अनेक संस्थांची स्वायत्तता टिकली नसती, ही कृतज्ञता आम्हांला आहे. पण त्याच निकालाने अध्यापकांच्या बडतर्फीवर बाहेरची मंजुरी आवश्यक करणारे गुजरातच्या कायद्यातील कलम अशा संस्थांपुरते दूर झाले, हेही विसरू नये. संस्था चालवण्याचा हक्क म्हणजे ती वाईट रीतीने चालवण्याचा हक्क नव्हे, हे न्यायालयाने १९५८ सालापासून सांगितले आहे. बाहेरची देखरेख आपण नाकारली, तर आतली देखरेख अधिक कडक ठेवण्याचे नैतिक ओझे आपल्यावरच येते. तेथेच फलकावरच्या ‘सचोटी’ची परीक्षा होते.

दुसरा शब्द ‘आदर’. नियमांच्या चौथ्या कलमात कॅथलिकेतर अध्यापकांचे बहुमत होऊ देऊ नये अशी अपेक्षा आहे. रोममध्ये बसून हे लिहिणे सोपे. मुंबईत आपल्या समाजाची संख्या पाहता ती अपेक्षा पुष्कळ ठिकाणी पुरी होणे कठीण. आपल्या महाविद्यालयांचे ग्रंथालय एखादे कुलकर्णी सांभाळतात, प्रयोगशाळा एखादे शेख, हिशेब एखादे शहा, आणि दरवाजा एखादे कांबळे. या माणसांनी तीस-तीस वर्षे आपल्या संस्थांचे नाव राखले आहे. त्यांच्याकडून कॅथलिक स्वरूपाचा आदर मागायचा, तर त्या स्वरूपाचे दर्शन त्यांना कोठे घडणार? मिस्साबलिदानाला ते येतीलच असे नाही. शुभवर्तमान ते कदाचित कधी वाचणार नाहीत. आजारपणात मिळालेली रजा, चुकीच्या वेळी पाठीशी उभे राहिलेले प्राचार्य, तक्रार केल्यावर बाईमाणसाला मिळालेला न्याय, हेच त्यांनी वाचलेले शुभवर्तमान. २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची केली. ती समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे पाहिल्याशिवाय फलकावरील ‘आदर’ या शब्दावर विश्वास ठेवू नये.

संस्थाचालकांची बाजू आम्ही जाणतो, कारण त्या बाकावर आम्हीही बसलो आहोत. अनुदान आटले आहे, नवे अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत, शुल्क वाढवले तर आपल्याच धर्मग्रामातील गरीब कुटुंबाच्या मुलाला दार बंद होते. या अडचणी खोट्या नाहीत. ज्या धर्मगुरूंनी, बंधूंनी, भगिनींनी या संस्था उभारल्या, त्यांनी आपले वेतन संघाच्या झोळीत टाकले आणि एका खोलीत आयुष्य काढले. त्यांच्यापुढे आमचे मस्तक नम्र होते. परंतु दारिद्र्याचे व्रत स्वतः घ्यायचे असते. ते दुसऱ्याच्या घरावर लादता येत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारी आपल्या धर्मग्रामातली मुलगी सकाळी अंधेरीला दोन तास घेते आणि दुपारी मेट्रोने घाटकोपर गाठून तेथे दोन तास घेते. मे महिन्यात तासिका नसतात, म्हणून मानधनही नसते. घरभाडे मात्र मे महिन्यातही द्यावे लागते. तिने कोणतेही व्रत घेतलेले नाही. कंत्राटदारामार्फत येणाऱ्या सफाई कामगाराचे नाव तर संस्थेच्या हजेरीपुस्तकातही नसते. त्याचा मालक कोण, हे विचारले की संस्था कंत्राटदाराकडे बोट दाखवते. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तातील धनी संध्याकाळी स्वतःच्या मजुरांना ओळखत होता, आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही त्या दिवसाची भाकर मिळेल एवढे देत होता.

हे वाचन एकतर्फी होऊ नये. मूल्ये कर्मचाऱ्यांवरही बंधनकारक आहेत. वर्गावर वेळेवर न जाणारा, उत्तरपत्रिका न वाचता गुण देणारा, वर्गात राखून ठेवलेले ज्ञान शिकवणीत विकणारा अध्यापक हक्कांची भाषा बोलू लागला, की त्या भाषेचे तेज जाते. खिडकीपाशी उभ्या असलेल्या भांबावलेल्या पालकावर खेकसणारा लेखनिक करुणेचा फलक स्वतःच पुसून टाकतो. आणि आपण धर्मग्रामातील कुटुंबे? आपल्याला प्रवेश हवा असतो, भाच्याला नोकरी हवी असते. मग आपण धर्मगुरूंकडे चिठ्ठी मागायला येतो. आम्ही अशा चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीबरोबर कोणातरी चिठ्ठी नसलेल्याची जागा गेली असेल, हा विचार आमच्या मनात उशिरा आला.

आणखी एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वार्षिक समारंभात, सात महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या एका शिपायाचा सत्कार होता. आम्ही प्रमुख पाहुणे. विश्वासू सेवकाच्या दृष्टान्तावर आम्ही वीस मिनिटे बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल आणि श्रीफळ दिले गेले. नंतर जिन्यापाशी तो गृहस्थ, शाल तशीच खांद्यावर, हळूच म्हणाला, “फादर, माझ्या ग्रॅच्युइटीचं तेवढं कुणाला तरी विचाराल का? रागावू नका, पण घरी मुलीचं लग्न आहे.” त्याच्या ‘रागावू नका’ या शब्दांनी आमची झोप उडवली. आपल्या हक्काच्या पैशांसाठी माणसाला क्षमा मागावीशी वाटली, ती आमच्यासारख्या झगा घातलेल्या माणसापुढे. त्या संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर आम्ही काही काळ होतो. अंदाजपत्रके पाहिली होती, नव्या इमारतीचे नकाशे पाहिले होते. निवृत्त होणाऱ्यांचे कागद कोठे अडतात, हे एकदाही विचारले नव्हते. कागद पुढे सरकला, पैसे मिळाले. पण ते आमच्या ओळखीने मिळाले, हीच त्यातली वाईट गोष्ट. ज्याची आमच्याशी जिन्यापाशी गाठ पडली नाही, त्याचे काय?

म्हणून या धर्मलेखाविषयी आमचा अभिप्राय असा: ‘एक्स कोर्दे एक्लेझिए’ थोर आहे, पण अपुरा आहे; आणि त्याचा अपुरेपणा भरून काढण्याचे साहित्य ख्रिस्तसभेच्या स्वतःच्याच घरात आहे. चोविसावा परिच्छेद एकविसाव्याच्या उजेडात वाचावा, आणि दोन्ही ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ आणि १२८६ व्या कलमाच्या शेजारी ठेवून वाचावेत. मग ‘सेवा’ हे मूल्य प्रथम नेतृत्वाला लागू होते, कारण त्या एका वाक्यात सेवा हा शब्द अधिकाऱ्यांसाठीच वापरलेला आहे, शिपायासाठी नव्हे. आम्ही ते वाक्य कितीतरी वर्षे उलटे वाचत आलो. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेही १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोव्हारुम’ लिहिणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण ठेवून. तेव्हा हा विषय जुना झाला असे कोणी म्हणू नये.

आपल्यापैकी कितीतरी जण अशा संस्थांच्या समित्यांवर आहेत, कितीतरी जण त्यांत नोकरी करतात. १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली तो सुरू केला. महाराष्ट्र दिनामुळे त्या दिवशी आपली महाविद्यालये बंद असतात, आणि श्रमिकांचा सण श्रमिकांविना निघून जातो. आमची सूचना साधी आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक संस्थेच्या समितीने एक बैठक घ्यावी. टेबलावर तीन गोष्टी असाव्यात: हा धर्मलेख, वेतनपत्रक, आणि गेल्या पाच वर्षांत निवृत्त झालेल्यांची यादी. कंत्राटी कामगारांची नावे माहीत नसतील, तर ती त्या दिवशी विचारून लिहून घ्यावीत. आमच्या धर्मग्रामाच्या शाळेपासून आम्ही यंदा हा आरंभ करणार आहोत. निवृत्तांच्या यादीत अकरा नावे आहेत. त्यांतील दोघांच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे.